ड्रोनचं ॲप अडकतंय? नवा टॅबलेट घेण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा. हातकणंगले तालुक्यात उसाच्या प्लॉटचं आणि अधूनमधून लग्नाचं शूटिंग. ड्रोन डीजेआय मिनी २, रिमोट आरसी-एन१, त्यावर ४ जीबी रॅमचा दहा इंची अँड्रॉइड टॅबलेट. ड्रोन वर गेल्यावर दहा-बारा मिनिटांत चित्र अडकायला लागतं, कधी डीजेआय फ्लाय ॲप मध्येच बंद पडतं. घरातला फोन लावला तर सकाळी ठीक चालतो, दुपारी त्याचीही तीच गत. चाळीस हजारांचा टॅबलेट घ्यावा का?

आत्ता लगेच घेऊ नका. मिनी २ रिमोटकडे जे थेट चित्र पाठवतो ते ७२०पी, सेकंदाला ३० फ्रेम. एवढं चित्र दाखवणं कुठल्याही बऱ्या फोनला जड नाही, यूट्यूबवर कुस्ती बघताना तो याहून जास्त काम करतो. दम निघतो तो सगळं एकदम अंगावर पडल्यामुळे. चित्र उलगडणं, नकाशा, जीपीएस, व्हिडिओची एक प्रत स्टोरेजवर लिहिणं, लॉग लिहिणं, ब्राइटनेस पूर्ण, रिमोटकडून चार्जिंग चालू, आणि वरून ऊन. सकाळी चालतो आणि दुपारी अडकतो, यातच निम्मं उत्तर आहे. प्रोसेसर तोच आहे, तापमान बदललंय.

पण सगळं खापर उन्हावर फोडण्याआधी नेमकं काय अडकतं ते बघा. ‘लॅग होतंय’ या एका शब्दात चार वेगळे बिघाड असतात आणि चौघांचे उपाय वेगळे.

चित्र थांबलंय, पण खालचे उंची-अंतराचे आकडे पळतायत: फोन किंवा टॅबलेट दमलाय. आकडे येतायत म्हणजे बहुधा रेडिओ आणि केबल दोन्ही ठीक. चित्राचे चौकोन चौकोन होतात, रंग फाटतात, सिग्नलच्या कांड्या उतरतात: हा रेडिओचा प्रश्न, लाखाचा टॅबलेट आणलात तरी तसाच राहील. चित्र आणि आकडे दोन्ही एका झटक्यात गेले, ॲप मात्र उघडं आहे आणि रिमोटचा ड्रोनशी संपर्क शाबूत आहे: केबल किंवा यूएसबी. आणि ॲपच बंद होऊन होम स्क्रीन आली: रॅम संपली किंवा फोनच्या बॅटरी मॅनेजरने ॲप मारलं. आणखी एक खूण लक्षात ठेवा. उन्हात स्क्रीन आपोआप मंद झाली तर ती बहुतेक उष्णताच.

ड्रोनमधल्या कार्डावरचं रेकॉर्डिंग फोनमधून जात नाही. त्यामुळे स्क्रीनवर चित्र कितीही अडखळलं तरी कार्डावरचा व्हिडिओ सलग असतो. तो बघून ‘ड्रोन चांगलाय, ॲप खराब’ असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही, त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आता उष्णता. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३५ च्या वर जाणं नेहमीचंच. आयफोन आणि आयपॅड ० ते ३५ अंश हवेत वापरावेत असं ॲपल स्वतःच सांगते, आणि तो आकडा सावलीतल्या हवेचा आहे. बांधावर उघड्या उन्हात धरलेली काळी काच त्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. ठरावीक मर्यादेच्या वर गेल्यावर फोन आधी प्रोसेसरचा वेग उतरवतो, मग ब्राइटनेस. वेग उतरला की चित्र उलगडायला उशीर होतो आणि फ्रेम गळतात. सुरुवातीची दहा मिनिटं छान आणि मग रडगाणं, हा सगळा प्रकार तोच.

पहिला उपाय फुकटचा आहे: मागचं कव्हर काढा. जाड रबरी कव्हर म्हणजे फोनला घातलेलं घोंगडं. दुसरा, रिमोटकडून होणारं चार्जिंग बंद करा. आरसी-एन१ मध्ये ५२०० एमएएचची बॅटरी आहे आणि अँड्रॉइड फोन जोडला की रिमोट त्याला चार्ज करायला लागतो. चार्जिंगची उष्णता फोनच्या पोटात तयार होते, ती बाहेरून वारा घालून पटकन निघत नाही. डीजेआय फ्लायच्या सेटिंगमध्ये कंट्रोलच्या पानावर फोन चार्जिंगचं बटण असतं, ते बंद ठेवा आणि घरातून फोन ८०-९० टक्के चार्ज करून निघा. मात्र घरातून निघेपर्यंत चार्जिंगला लावून, गरम फोन थेट उन्हात नेऊ नका. तासभर आधी काढून ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर तर नाहीच.

तिसरा उपाय सावली. सोबतच्या माणसाच्या हातात छत्री द्या, यापेक्षा चांगलं उपकरण अजून बाजारात आलेलं नाही. ऊन अडवणारं काळं हूड लावता येतं, पण चारी बाजूंनी बंद हूड आत भट्टी करतं. मागची बाजू उघडी असलेलंच घ्या. गेम खेळणाऱ्यांचे चिमट्याचे पंखे मिळतात, त्यातला साधा पंख्याचा प्रकार चालेल. बर्फासारखी थंड होणारी पट्टी असलेला कूलर पावसाळी दमट हवेत लावला तर काचेच्या आतून पाणी धरण्याची भीती असते. फोन फ्रीजमध्ये ठेवून ‘थंड करून’ नेण्याचा उद्योगही त्याच कारणासाठी नको.

ब्राइटनेस कमी करा असं सांगणं सोपं आहे, पण उन्हात दिसलंच नाही तर उडवणार कसं? इथे टॅबलेट मार खातो. स्वस्तातल्या टॅबलेटची स्क्रीन साधारण ३०० ते ४०० निट्सची (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) असते. डीजेआयच्या स्क्रीनवाल्या आरसी रिमोटची ७०० निट्स आहे, चांगल्या फोनची उन्हात त्याहून जास्त जाते. म्हणजे मोठा टॅबलेट कायम शंभर टक्क्यांवर चालवायचा, तापवायचा आणि तरी नीट दिसणार नाही. पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर तोही काढून बघा. काही स्क्रीन ठरावीक कोनात त्यातून जवळजवळ काळ्या दिसतात आणि माणूस ब्राइटनेसला दोष देत बसतो.

सेटिंगमध्ये ओझं कमी करायच्या जागा अशा. डीजेआय फ्लायच्या कॅमेरा सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग करताना कॅश ठेवण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. तो चालू असताना ॲप येणारं चित्र फोनवरही साठवत राहतं. स्वस्त टॅबलेटचं स्टोरेज मंद असतं, त्यात जागा भरत आली की लिहिण्याच्या प्रत्येक हिसक्याला चित्र थबकतं. जुनी कॅश साफ करा आणि किमान दहा जीबी मोकळी ठेवा. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर टॅप करून त्या जागी ड्रोनची दिशा दाखवणारं वर्तुळ आणा, नकाशा लागेल तेव्हाच उघडा. हिस्टोग्राम आणि जास्त उजेडाचे पट्टे गरज नसेल तर बंद.

फोनच्या बाजूला: स्क्रीन १२० हर्ट्झची असेल तर ६० वर आणा. येणारं चित्रच ३० फ्रेमचं आहे, बाकीचं नुसतं जळण. सॅमसंगच्या वरच्या फोनमध्ये रिझोल्यूशन डब्ल्यूक्यूएचडी असेल तर फुल एचडी करा. बॅटरीच्या सेटिंगमध्ये डीजेआय फ्लायला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ द्या. शाओमीत ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ आणि ऑटोस्टार्ट, सॅमसंगमध्ये ‘नेव्हर स्लीपिंग ॲप्स’च्या यादीत ते टाका. पॉवर सेव्हिंग मोड पूर्ण बंद, कारण तो प्रोसेसरच उतरवतो. रॅम वाढवून देणारं ‘रॅम प्लस’ वगैरे जे असतं ते स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरतं. चार जीबीचे आठ जीबी लिहून येतात, काम चारचंच होतं. रॅम साफ करणारी ‘बूस्टर’ ॲप आधी काढून टाका, तीच मागे चालत बसतात.

उडवण्याआधी फोन एकदा रीस्टार्ट करा आणि दुसरं कुठलंही ॲप न उघडता थेट डीजेआय फ्लाय उघडा. ४ जीबीच्या यंत्रावर ही एक सवय ॲप मध्येच बंद पडण्याचा निम्मा त्रास मिटवते. व्हॉट्सॲपवर लग्नाच्या ग्रुपचे फोटो उतरत असताना उडवायचं, आणि ॲप बंद पडलं की ड्रोनला शिव्या, हे बरोबर नाही. त्यासाठी विमान मोड लावा. जीपीएस त्यात चालू राहतो, फक्त लोकेशन बंद केलं नाही ना ते बघा. वाय-फाय आणि ब्लूटूथही बंद. ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, रिमोटही त्याच पट्ट्यात बोलतो, आणि दोघांत चार बोटांचं अंतर. विमान मोडमध्ये नकाशा कोरा दिसू नये म्हणून आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा ॲपमध्ये उतरवून घ्या. ॲपचं अपडेट किंवा ड्रोनच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेटही तेव्हाच. शूटिंगच्या सकाळी आलेला अपडेट सरळ नाकारायचा.

डीजेआय फ्लायचं अँड्रॉइड ॲप प्ले स्टोअरवर मिळत नाही, डीजेआयच्या साइटवरून एपीके (ॲप बसवायची फाइल) उतरवावी लागते. दुसऱ्या कुठल्या साइटवरची किंवा मित्राने पाठवलेली एपीके घालू नका. ॲप ६४ बिटचं आहे. काही स्वस्त टॅबलेटमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा असतो पण कंपनीने अँड्रॉइड ३२ बिटचं टाकलेलं असतं. तिथे ते बसतच नाही आणि दुकानदार ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’ सांगून मोकळा होतो. येत नाही.

केबलकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात. आरसी-एन१ सोबत आलेली आखूड केबल असेल तर तीच वापरा. कोल्हापुरात राजारामपुरीत पन्नास रुपयांत मिळणाऱ्या बऱ्याच केबलीत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. फोन चार्ज होताना दिसतो आणि ॲपला रिमोट सापडत नाही. डेटाची केबल असूनही चित्र झटक्यात जात असेल तर फोनच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. खिशातला कापसाचा गोळा दाबून घट्ट झालेला असतो, केबल पूर्ण आत बसत नाही आणि रिमोट वाकवला की सुटते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा, पिन किंवा सुई नको. केबल जोडल्यावर यूएसबी कशासाठी असं फोनने विचारलं तर फाइल ट्रान्सफर नको, चार्जिंग निवडा. कोणतं ॲप उघडू असं विचारलं तर डीजेआय फ्लाय आणि ‘नेहमी’.

टॅबलेटची खरी अडचण मात्र वेगळीच आहे आणि ती तुमच्या प्रश्नात लपली आहे. आरसी-एन१ च्या पकडीत जास्तीत जास्त १८० बाय ८६ मिलिमीटरचा, १० मिलिमीटर जाडीचा फोन बसतो. दहा इंची टॅबलेटसाठी वेगळा ब्रॅकेट लागतो. आणि या रिमोटचे अँटेना बाहेर दिसत नाहीत, ते त्या वर ओढायच्या पकडीतच आहेत. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट पकडीत घातला आणि त्यावर मागून धातूचा असलेला टॅबलेट उभा केला की अँटेनासमोर पत्र्याचं दार लावल्यासारखं होतं. मग तीनशे मीटरवर चित्राचे चौकोन व्हायला लागतात आणि ‘टॅबलेट कमी पडला’ असं वाटतं. टॅबलेट वापरायचाच असेल तर प्लॅस्टिकचा ब्रॅकेट घ्या, टॅबलेट पकडीच्या खाली किंवा मागे राहील असा बसवा, आणि पकडीची सपाट बाजू ड्रोनकडे ठेवा. टोक ड्रोनकडे रोखायचं नाही. टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमी असतो.

उसात आणखी एक गोष्ट. दहा-बारा फुटी उसाच्या मधल्या सरीत उभं राहून उडवलं तर चारी बाजूंना ओल्या पानांची भिंत असते आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच शोषतं. ड्रोन खाली आणून शेंड्यांवरून शॉट घेताना चित्र फुटतं ते यामुळे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढा किंवा रस्त्याच्या उंच बाजूला उभे राहा, फरक लगेच दिसेल. इचलकरंजीसारख्या शहरात, जिथे घरोघरी राउटर आहेत, ॲपमधल्या ट्रान्समिशनच्या पानावर ५.८ गिगाहर्ट्झ निवडून बघा. मोकळ्या रानात २.४ बरा, तो लांब जातो.

हे सगळं केल्यावर घरी एक चाचणी घ्या. मोटर सुरू करायची नाही. ड्रोन टेबलावर ठेवा आणि त्याच्यावर टेबलफॅन सोडा, कारण पंखे फिरत नसताना मिनी २ स्वतःच तापतो आणि तक्रार करायला लागतो. रिमोट, टॅबलेट, ॲप चालू करून वीस मिनिटं चित्र बघत राहा. सावलीत, वाऱ्याखाली वीस मिनिटं सलग चाललं आणि शेतात अडकलं, तर दोष उन्हाचा किंवा रेडिओचा. घरातही सातव्या मिनिटाला अडकलं, तर यंत्रच अपुरं आहे. तेव्हा पैसे काढा.

पण ते टॅबलेटसाठी नको. तुमच्या कामाला ६ किंवा ८ जीबी रॅमचा, मध्यम दर्जाचा, उजळ स्क्रीनचा फोन जास्त उपयोगी आहे, आणि तो पकडीत सरळ बसतो. डीजेआयच्या साइटवर मिनी २ ला चालणाऱ्या फोनांची यादी आहे, घेण्याआधी ती बघा. जुना पण चांगल्या वर्गातला फोन फक्त ड्रोनसाठी वेगळा ठेवणं सगळ्यात उत्तम: सिम नाही, व्हॉट्सॲप नाही, एकच ॲप. स्क्रीनवाला डीजेआय आरसी घेण्याचा विचार असेल तर थांबा, तो मिनी २ शी जोडला जात नाही. पाहुण्यांना दाखवायला मोठी स्क्रीन हवी म्हणून टॅबलेट घेणारच असाल तर जीपीएस आहे का ते खात्रीने विचारा. वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो, सिमवाल्यातच असतो. जीपीएस नसला तर नकाशावर तुमची स्वतःची जागा धड दिसत नाही आणि होम पॉइंट, म्हणजे ड्रोन जिथे परत येतो ती जागा, तुमच्या जागेवर हलवता येत नाही. सॅमसंगच्या बऱ्याच वाय-फाय टॅबलेटमध्ये तो असतो.

ड्रोन वर असताना ॲप बंद पडलंच तर घाबरून रिमोटच्या काड्या (स्टिक) हलवू नका. ड्रोन रिमोटशी बोलतो, फोनशी नाही. काड्या सोडल्या की तो जीपीएसवर जागीच थांबतो. केबल काढून परत लावा, ॲप उघडा, बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात चित्र येतं. नाही आलं तर रिमोटवरचं घरी परतण्याचं बटण दाबून धरा, त्याला फोन लागत नाही. मात्र परतीची उंची उडवण्याआधीच लावलेली हवी: आसपासची माडाची झाडं, टॉवर, हायटेन्शन तारा, कारखान्याची चिमणी यांतलं जे सर्वांत उंच असेल त्याच्या वर. आणि ती कमाल मर्यादेतही बसली पाहिजे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या हिरव्या भागात) ती ४०० फूट आहे, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूटच. उजळाईवाडीचा (कोल्हापूरचा) विमानतळ लक्षात घेऊन सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर तुमचं गाव कुठल्या रंगात आहे ते बघून घ्या. मिनी २ अडीचशे ग्रॅमच्या आत असला तरी रंगांचे नियम त्यालाही लागू आहेत.

प्लॉटचा नकाशा काढण्यासाठी बाहेरचं ॲप वापरणार असाल तर मात्र वरचा दिलासा अर्धाच खरा. मिनी २ वर अशी ॲप ठरवलेला मार्ग ड्रोनमध्ये चढवत नाहीत. फोनच सेकंदाला अनेकदा ‘इकडे जा, तिकडे जा’ सांगत राहतो. फोन थबकला की ड्रोनचा मार्ग वाकडा होतो, ॲप मेलं की तो मध्येच थांबतो. तिथे दमलेला टॅबलेट अजिबात नको.

पिक्सहॉकवर (ड्रोनच्या कंट्रोल बोर्डवर) बांधलेला फवारणीचा ड्रोन आणि तो फोनवरून चालवायचं क्यूग्राउंडकंट्रोल ॲप वापरणाऱ्यांसाठी एवढंच: ओप्पो, व्हिवो, रिअलमीच्या फोनमध्ये ओटीजी (फोनला यूएसबी उपकरण जोडायची सोय) वेगळं चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापर नसेल तर ते आपोआप बंद होतं. टेलिमेट्री रेडिओ (ड्रोनची माहिती फोनवर आणणारा) लावून टाकी भरत बसलात तर परत येईपर्यंत संपर्क गेलेला असतो. आणि आर्डूपायलटमध्ये (त्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) ग्राउंड स्टेशनचा फेलसेफ, म्हणजे फोनच्या ॲपशी संपर्क तुटल्यावरची सुरक्षा-व्यवस्था, चालू असेल तर फोनच्या बॅटरी मॅनेजरने ॲप झोपवल्यावर, मूळ सेटिंगप्रमाणे ५ सेकंदांत ड्रोन फेलसेफमध्ये जातो. वर बॅटरीच्या परवानगीबद्दल जे लिहिलंय ते इथे दुप्पट महत्त्वाचं.

इतकं करूनही अडकत असेल तर अडकण्याचा व्हिडिओ काढून पाठवा. पण त्याच टॅबलेटवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावू नका, त्याने आणखी ओझं पडतं. दुसऱ्या माणसाच्या फोनने, खालचे आकडे आणि वरच्या सिग्नलच्या कांड्या दोन्ही दिसतील असा, स्क्रीनचा व्हिडिओ घ्या.